फोल्डस्कोप: बी.कॉम.वाल्यांनी पण घ्यावा असा कागदी मायक्रोस्कोप

मी बी.कॉम.ला आहे, दहावीनंतर सायन्स सुटलं ते सुटलंच, पण आता ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलं घ्यावं लागतं म्हणून बायोलॉजी घेतलं. पेशी, केंद्रक, हरितलवक सगळं फळ्यावरच, आम्हाला लॅब नाही, म्हणून हा मागवला. आयआयटी कानपूरला शिकलेल्या मनू प्रकाशांनी स्टॅनफर्डमध्ये टीमसोबत बनवलाय, 2014 ला त्यावर पेपर आला. कागदाच्या घड्या घालून आपणच जोडायचा, आत मोहरीएवढं गोल भिंग, आणि वस्तू 140 पट मोठी दिसते.

पहिल्या संध्याकाळी नुसता धूसर उजेड दिसला, परत करू नका! डोळ्याला अगदी चिकटवून ट्यूबलाइटकडे बघायचं आणि अंगठ्याने हळूहळू फोकस सरकवायचा. सूर्याकडे चुकूनही नाही.

मग कांदा. पाकळीच्या आतला पारदर्शक पापुद्रा काढला, मेडिकलमधून आणलेल्या आयोडीनचा एक थेंब टाकला आणि काय सांगू, चाळीतल्या खोल्यांसारख्या एकाला एक लागून पेशी, प्रत्येकीत गडद ठिपका, तेच केंद्रक. 1665 ला रॉबर्ट हुकने बुचाच्या कापात असेच कप्पे बघितले म्हणून त्याने त्यांना सेल म्हटलं, हे मी पाठ केलेलं, कळलं त्या दिवशी. आईला दाखवलं तर ती म्हणाली, वनस्पती ना ही, मग हिरवं कुठाय? कांदा वाढतो जमिनीत, तिथे ऊन नाही, म्हणून हरितलवकं नाहीत. ती बघायला क्रॉफर्ड मार्केटच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून हायड्रिला ही पाणवनस्पती आणली, एक पान ठेवलं तर पेशीच्या कडेकडेने हिरवे ठिपके चक्क फिरताना दिसले, मी अर्धा तास तशीच बसलेले.

गॅलरीतल्या कुंडीखालच्या थाळीत डासाची अळी सापडली. अख्खी मावत नाही, भागाभागाने बघावी लागते. शेपटाकडे नळी असते, ती पाण्याच्या वर काढून ती श्वास घेते, म्हणून तर साचलेल्या पाण्यावर तेल टाकलं की मरते. पालिकेची माणसं दरवर्षी थाळ्या रिकाम्या करा सांगतात ते का, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं आणि थाळी लगेच ओतली.

दह्यातले बॅक्टेरिया मात्र यात नीट दिसणार नाहीत, त्यांना जास्त पॉवर लागते. घेताना फोनला लावायचा मॅग्नेट सोबत आहे ना बघा, फोटो काढून वहीत चिकटवता येतात.