दिवाळीत बसवली, पोळ्याला लिहितोय: गाडीतल्या एलईडी पट्टीचे दहा महिने

निकाल आधीच सांगतो. पट्टी चांगली, तिच्या पाठचा गोंद टाकाऊ, आणि मी आणलेला उजेड गरजेच्या तिप्पट. बाकी सगळी त्याची कहाणी आहे.

गाडी म्हणजे तेरा सीटांची जुनी ट्रॅव्हलर. सीटा काढून मागे दिवाण, एका बाजूला ओटा, खाली पाण्याच्या दोन कॅन आणि 100 ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी, छतावर सोलरचं एक पॅनल. शहरातले लोक याला कॅराव्हॅन म्हणतात, आमच्या गावात तिचं नाव 'डबा'. (असा बदल आरसीवर चढवून घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. ते आधी उरका, लाइटचं नंतर पाहा.)

फिरायची हौस आहेच, पण डबा खरा कामाला येतो तो मोर्शी तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात. कृषिपंपाची लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच. जानेवारीत आंबिया बहाराचं पाणी सुरू झालं की रात्री दोनला उठून कॉक फिरवायचा. आधी मी घरून चार किलोमीटर दुचाकीवर यायचो, थंडीत कुडकुडत. आता डबा धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, लावतो आणि आत झोपतो. त्यामुळे लाइट माझ्यासाठी शोभेची वस्तू नव्हती. झोपेतून उठून चप्पल दिसली पाहिजे आणि कॉफीचं पाणी ठेवता आलं पाहिजे, एवढीच अपेक्षा.

तरी दुकानात गेल्यावर माणूस बिघडतोच. मी 5050 जातीची, मीटरला 60 दाण्यांची, दुधासारख्या पांढऱ्या उजेडाची पट्टी उचलली. आमचा वायरमन चिपला दाणा म्हणतो, मीही तेच म्हणतो. दुकानदार म्हणाला होता, आत दिवस पडेल. पडला. छताच्या दोन्ही कडांना तीन-तीन मीटर लावली, पहिल्यांदा बटन दाबलं, तर आई दारातच थबकली. "काऊन रे बावा, कोनाचं आपरेशन करतं का इथं?"

डोळ्यांचं सोडा, हिशेबच चुकला होता. ही पट्टी मीटरला 14.4 वॅट खाते. सहा मीटरचे झाले 86 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला सात ॲम्पिअरच्या वर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली ओढू नये, म्हणजे माझ्या हाती खरे 50 ॲम्पिअर-अवर. सात तास लाइट चालवला की पंखा, मोबाइल, पाण्याची छोटी मोटर, सगळ्यांना रामराम. पहाटे पाचला पंखा मंद झाला तेव्हा हे गणित मी बोटांवर मांडलं. दुकानात मांडायला हवं होतं.

शिवाय दोन्ही पट्ट्या टोकाकडे पिवळट आणि मंद. मला वाटलं माल खराब. वायरमननं मीटर लावला तर सुरुवातीलाच अकराच्या आसपास व्होल्ट. मी घरात उरलेली पाऊण स्क्वेअर मिलिमीटरची वायर ओढली होती, बॅटरी मागे आणि जोड पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर. जाऊन-येऊन बारा मीटर. एवढ्या बारीक तारेत एकेका पट्टीचे साडेतीन ॲम्पिअर धावले की एक व्होल्ट वाटेतच जिरतो. 230 व्होल्टच्या घरात एक व्होल्ट कोणी मोजत नाही, 12 व्होल्टच्या गाडीत तो बारावा हिस्सा आहे. तिथे अडीच स्क्वेअरची बारीक तारांची लवचिक वायर टाकली आणि प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांकडून करंट दिला. फरक तिथल्या तिथे दिसला. घरच्या फिटिंगची एकाच जाड तारेची वायर गाडीत नकोच, हादऱ्यानं ती आतल्या आत तुटते.

फेब्रुवारीत प्रकट दिनाला शेगावला गेलो. परतताना रात्र झाली. मागे पोरं पत्ते खेळत होती म्हणून लाइट सुरूच ठेवला. अमरावती गाठेपर्यंत ड्रायव्हरच्या मागचा बोटभर तुकडा विझला, आठवड्यानं त्याच्या शेजारचा. 12 व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन दाणे आणि करंटला आवर घालणारा एक रेझिस्टर अशी एकेक साखळी असते, मीटरला 60 दाणे असतील तर साखळी पाच सेंटिमीटरची. एक दाणा गेला की तिघं जातात. हे मला माहीत होतं, पण गेला का, ते कळेना. धक्क्यानं म्हणावं तर तो अमरावती-अकोला रस्ता, 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात गेलेला. आमच्या गावच्या रस्त्यावर चार महिने टिकलेली पट्टी त्या रस्त्यावर धक्क्यानं कशी जाईल?

कारण इंजिन. गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर 14 ते साडेचौदा व्होल्ट देतो आणि पट्टी थेट बॅटरीवर होती. पांढऱ्या दाण्याला साधारण तीन-सव्वातीन व्होल्ट लागतात. तिघांचे साडेनऊ धरा. बाराला रेझिस्टरवर अडीच उरतात, साडेचौदाला पाच. करंट दीडपटीच्या वर जातो आणि उष्णता त्याहूनही जास्त वाढते. पट्टी त्या रात्री पाच तास भाजत होती आणि मी पुढे बसून भजनं ऐकत होतो. पाकिटावर '12 व्होल्ट' छापलेलं असतं त्याचा अर्थ बाराच. गाडीची बॅटरी क्वचितच बारावर असते. आता मध्ये 12 व्होल्ट पक्के देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर आहे. साडेसातशे रुपये पडले, म्हणजे त्या वेळच्या दोन्ही पट्ट्यांपेक्षा जास्त. या सगळ्या खर्चात हाच पैसा मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. नुसता बक, म्हणजे फक्त व्होल्ट उतरवणारा, घेऊ नका, बॅटरी उतरली की तो पूर्ण बारा देऊ शकत नाही.

मग आला आपला उन्हाळा.

पट्टीच्या गोंदाबद्दल परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहून मत बनवू नका. त्यांची गाडी चाळिशी पाहत नाही, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला तर कोणी बातमीही करत नाही. डबा दुपारी बगीच्याच्या मोकळ्या बाजूला उभा असायचा, छताच्या पत्र्याला हात लागत नव्हता. एप्रिलमध्येच एक कोपरा सुटला. मी दाबून बसवला, तो पुन्हा सुटला. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेर सुरू होणाऱ्या नऊ कडक दिवसांतल्या, दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर डावीकडची अख्खी पट्टी दिवाणावर पडलेली, गोंद चिकट धाग्यांसारखा छताला लोंबकळतोय. लाल कागदाची दुहेरी टेप आणून पुन्हा चिकटवली. ती टेप छताला घट्ट बसली, पट्टीला मात्र नाही, कारण ही पट्टी वरून-खालून सिलिकॉनच्या नळीत होती आणि सिलिकॉनला बहुतेक टेप धरतच नाहीत. त्यात ती नळी पिवळी पडायला लागली होती. गाडीच्या आत, जिथे पाणी येतच नाही, तिथे वॉटरप्रूफ पट्टी घेणं ही माझी आणखी एक चूक. पाण्यासाठी केलेलं आवरण उष्णताही आत कोंडतं.

तेव्हा सगळं उपसून काढलं. आता आत पट्टी बसवायची ॲल्युमिनियमची चॅनल आहे, वर दुधी झाकण. चॅनल गोंदानं नाही, प्लायवूडच्या अस्तरात छोट्या स्क्रूनं बसवली आहे. स्क्रूची लांबी प्लायपेक्षा कमीच ठेवा, नाहीतर छताला भोक आणि पावसाळ्यात बादली. चॅनल दाण्यांची उष्णता ओढून घेते, झाकणामुळे उजेड पसरतो आणि डोळ्यात ठिपके टोचत नाहीत. तिच्यात उघडी, बिनआवरणाची 2835 जातीची पट्टी टाकली, मीटरला 4.8 वॅट, पिवळसर 3000 केल्विनची. सहा मीटरचे 29 वॅट, अडीच ॲम्पिअरच्या आत. उजेड पुरेसा. ओट्यावर भाजी चिरताना आणखी हवा म्हणून तिथे अर्धा मीटर वेगळ्या बटनावर आहे. आईचं यावर मत: "आता कसं घरावानी वाटते."

जोड मात्र सोल्डरचा डाग देऊनच. दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मी चार लावल्या, त्यातल्या तीन आमच्या पांदण रस्त्यानं दोन महिन्यांत ढिल्या केल्या. लाइट लुकलुकायला लागला की पोरं खूश, मी बेजार. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बुश हवाच. माझा एक विसरला. मार्चमध्ये वायर कातरली जाऊन पत्र्याला टेकली आणि त्या पट्टीचा पाच ॲम्पिअरचा फ्यूज उडाला. फ्यूज बॅटरीच्या अगदी तोंडाशी होता म्हणून फक्त फ्यूजच उडाला. तो पट्टीजवळ बसवला असता तर मधली वायर जळाली असती.

बाहेरच्या बाजूला, दाराच्या वरच्या पन्हाळीखाली, दोन मीटर पट्टी आहे. कनात लावून बाहेर जेवताना तिचा उपयोग. इथे वॉटरप्रूफ हवी, ते बरोबर. सुरुवातीला तीही पांढरीशुभ्र होती. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला, संध्याकाळी आम्ही वरण-भात वाढून बसलो आणि वाळवीची पाखरं आली. शेकड्यांनी. वरणात, भातात, आईच्या चष्म्यावर. लाइट बंद करून मोबाइलच्या उजेडात जेवलो. निळा अंश जास्त असलेल्या उजेडाकडे किडे जास्त धावतात, म्हणून आता तिथे गडद पिवळी, शेंदरीकडे झुकणारी पट्टी आहे. किडे येतातच, पण ताटात मोजण्याइतके. पट्टीची कापलेली टोकं बंद करायला मी आधी हार्डवेअरचं आंबट वासाचं सिलिकॉन भरलं होतं. त्या वासातलं ॲसिड तांबं खातं. जुलैत चिखलदऱ्याच्या धुक्यातून आल्यावर टोक हिरवं पडलेलं दिसलं. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन मागून घ्या.

रिमोटची रंगीत पट्टी पोरांच्या हट्टापायी पंधरा दिवस बाहेर होती. एका नाक्यावर थांबवून विचारणा झाली, आणि विचारणारा बरोबर होता. मागच्या बाजूला रिव्हर्स आणि नंबर प्लेटच्या दिव्याशिवाय पांढरा उजेड नको, पुढे लाल नको, लाल-निळी लुकलुक तर आपत्कालीन गाड्यांची. ती काढून पोरांना दिली. पोळ्याला त्यांच्या लाकडी बैलाच्या गळ्यात आहे. बाहेरची पिवळी पट्टी गाडी उभी असतानाच लागते, तिचं बटन चावीशी जोडलं आहे.

एक तक्रार अजून सुटलेली नाही. मंद करायचा डिमर लाइट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो, आणि त्यामुळे आईच्या ट्रान्झिस्टरवर मिडियम वेव्हला आकाशवाणी नागपूर लावलं की घूं घूं येतं. वायरीवर असा गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी चढवला, आवाज कमी झाला, गेला नाही. सध्या तोडगा असा की बातम्यांच्या वेळी लाइट पूर्ण किंवा बंद.

खर्च विचारलात तर पहिल्या खेपेला सातशेच्या आत, दुसऱ्या खेपेला चॅनल, कन्व्हर्टर, वायर, डिमर धरून साडेतीन हजाराला थोडे कमी. त्यात पट्टी स्वतः जेमतेम सहाशेची. या वर्षीच्या नवतप्यात नवी चॅनल अजून बसायची होती, तेव्हा तिची खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात. बाकी जून ते आजपर्यंत एकही दाणा गेला नाही, रात्री दोनला चप्पल दिसते, आणि पहाटे पाचला पंखा फिरत असतो.

मागच्या पायरीखाली अर्धा मीटर तुकडा लावायचा राहिला आहे. आई उतरताना अजूनही टॉर्च मागते. उद्या पोळ्याची कर आहे, बैलांना सुट्टी, वायरमनलाही. परवा लावतो.