वाढतं घर: खरी परीक्षा रिकाम्या गाळ्याची

अनुदानाच्या रकमेत पूर्ण घर बसत नाही, ही शहरी गरिबांच्या प्रत्येक गृहयोजनेची पहिली अडचण. त्यावर सहसा दोनच तोडगे काढले जातात: घर आक्रसायचं, नाहीतर वसाहत शहराबाहेर फेकायची. चिलीतल्या 'एलेमेंताल' या वास्तुशिल्पींच्या कार्यालयाने तिसरा तोडगा बांधून दाखवला. ८० चौरस मीटरच्या चांगल्या घराचं अर्धं बांधायचं, ते मोक्याच्या जागी बांधायचं आणि उरलेल्या अर्ध्याची रिकामी जागा, म्हणजे गाळा, राहणाऱ्यांनी सवडीने भरायचा. २०१६ मध्ये या कार्यालयाचे प्रमुख आलेहान्द्रो अरावेना यांना वास्तुकलेचं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी त्यांनी चार वसाहतींचे आराखडे सर्वांसाठी मोफत खुले केले: किंता मोनरॉय, लो बार्नेचेआ, मॉन्तेरेइ आणि बिया बेर्दे. हे आराखडे वापरायचा विचार एखादी नगरपालिका, गृहनिर्माण संस्था किंवा वस्तीचं मंडळ करत असेल, तर त्यांच्या हाती नेमकं काय पडतं, ते इथे तपासलं आहे.

आधी मूळ नमुना, किंता मोनरॉय. उत्तर चिलीतल्या इकीके शहरात, अगदी मध्यवस्तीत, सुमारे अर्धा हेक्टर जमिनीवर शंभराच्या आसपास कुटुंबं तीस वर्षं बेकायदा राहत होती. अनुदान कुटुंबामागे ७,५०० डॉलर, आणि त्यात जमीन, नळ-गटार व बांधकाम सगळं भागवायचं. अशा अनुदानित घरांना परवडते त्याच्या सुमारे तिप्पट किंमत या जमिनीची होती. सुटी घरं बसवली असती तर फार थोडी कुटुंबं मावली असती. उंच इमारतीत सगळे मावले असते, पण वाढायला वाव राहिला नसता. म्हणून एकावर एक दोन घरं रचली: खालचं जमिनीवर परसाकडे पसरणारं, वरचं शेजारच्या ३ मीटर रुंद मोकळ्या गाळ्यात शिरणारं. ताबा देताना खालचं घर ३६ चौरस मीटरचं होतं आणि वरचं २५ चौरस मीटरचं; पूर्ण भरल्यावर दोन्ही ७० च्या आसपास जातात. अशी ९३ घरं २००४ पर्यंत उभी राहिली आणि कुटुंबं त्याच जागी, आपापल्या कामधंद्याच्या जवळ राहिली.

या नमुन्याची सगळ्यात मोठी गुणवत्ता म्हणजे कोणतं अर्धं बांधून द्यायचं याचा निर्णय. कुटुंबाला एकट्याने नीट जमत नाही ते सगळं आधी दिलं आहे: पाया, सामाईक भिंती, जिना, संडास-न्हाणी, स्वयंपाकघराची जागा, छत. जमतं ते सोडून दिलं आहे: आडभिंती, दर्शनी भिंत, खिडक्या, फरशी, गिलावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिलेल्या भागाचं माप अर्ध्या घराचं नाही, पूर्ण घराचं आहे. जिना सत्तर चौरस मीटरच्या घराला शोभेल असा आणि भिंती शेवटचा भार गृहीत धरून. नाव 'वाढतं घर' पण पाया फक्त आजच्या खोलीचा, अशा योजना पुष्कळ होतात. तिथे दुसरा मजला चढला की सामाईक भिंतीला पहिली तिरकी भेग जाते. ती गिलाव्याने झाकता येते, बुजत नाही.

मोफत आराखडे मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. इकीके वाळवंटात आहे, तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. म्हणून किंता मोनरॉयचा गाळा वरून उघडा ठेवणं परवडलं. मेक्सिकोतल्या मॉन्तेरेइत वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तिथल्या ७० घरांवर छत सलग नेलं आहे. बांधलेला भाग आणि रिकामा गाळा दोन्ही एकाच छताखाली. पावसाळी प्रदेशात हाच नमुना घ्यावा. गाळ्यावर छत नसेल तर जुनी भिंत आणि नवा पत्रा यांचा सांधा कुटुंबाच्या गळ्यात पडतो, आणि गळती सुरू होते ती नेमकी तिथूनच. नाइलाजाने असा सांधा करावाच लागला तर भिंतीत पत्र्याच्या वर १५० मिलिमीटरवर खाच घ्यावी, पत्र्याची पट्टी किमान २५ मिलिमीटर आत खोचावी आणि खाच मसाल्याने बंद करावी. नुसतं डांबर फासलं तर फार काळ टिकत नाही.

बिया बेर्दे हा पुढचा टप्पा. २०१० च्या भूकंप आणि त्सुनामीनंतरच्या वर्षांत चिलीतल्या कॉन्स्तितुसिऑन शहरात ही ४८४ घरं उभी राहिली. सुरुवात ५७ चौरस मीटरने, पूर्ण झाल्यावर ८५. इथेही उतरतं छत आधीच गाळ्यावरून नेलं आहे. अनुदान जरा जास्त असेल तर चारांपैकी हाच आराखडा आम्ही पहिला निवडू. पण घनता हवी असेल तर किंता मोनरॉयकडेच परतावं लागतं.

आता गाळा भरताना काय चुकतं ते पाहू, कारण वापरणाऱ्याला नकाशावर हे दिसत नाही. वरच्या घराच्या गाळ्यात नवी तक्तपोशी (लाकडी फळ्यांचा मजला) टाकायची तर वासे टेकायचे कुठे? भिंत पोकळ सिमेंट ठोकळ्यांची असेल तर त्यात ठोकलेले बोल्ट भार आला की सैल होतात. बांधतानाच दोन्ही भिंतींत तक्तपोशीच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा ओतून वाशांसाठी खोबण्या ठेवल्या पाहिजेत. ३ मीटर गाळ्याला ५० बाय १७५ मिलिमीटरचे चांगल्या लाकडाचे वासे ४०० मिलिमीटर अंतराने पुरतात. नकाशात खोबण्या नसतील तर मूळ ठेकेदाराकडून त्या आधी करून घ्याव्यात. नंतर ठोकळे फोडून केलेली खोबण म्हणजे भिंतीचं कायमचं दुखणं.

दुसरी चूक वजनाची. माणसाला पक्कं घर म्हणजे विटांचं घर वाटतं आणि ते वाटणं समजण्यासारखं आहे. पण वरच्या मजल्यावर, ३ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच गाळ्यात, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली अर्ध्या विटेची भिंत साधारण १,८०० किलोची होते. तीच भिंत सांगाड्यावर सिमेंटच्या पातळ पाट्या लावून केली तर २५० किलोच्या आसपास. नकाशावर 'वरच्या गाळ्यात वीट नको' असं लिहिलेलं असतं, पण नकाशा कपाटात राहतो आणि बांधतो गवंडी. म्हणून ही सूचना ताबा देताना तोंडी सांगावी, एक नमुना गाळा पूर्ण भरून दाखवावा आणि पाट्यांचं सामान कुठे मिळतं तेही सांगावं. भूकंपप्रवण भागात एका घराचा गाळा जड भरलेला आणि शेजारचा मोकळा, अशी रांग हादऱ्याला पिळली जाते. तिथे वजनाची ही अट सैल करायची नाही.

तिसरी चूक गजांची. पुढे खांब वाढवता यावेत म्हणून गजांची टोकं बाहेर सोडतात. ती पाच-सात वर्षं उघडी राहिली, तीही समुद्राच्या हवेत, तर गंजून बारीक होतात आणि गंज खाली काँक्रीटमध्ये शिरून ते फोडतो. १२ मिलिमीटरच्या गजाला जोड घ्यायला किमान ५०० ते ६०० मिलिमीटर लांबी लागते. टोकाला सिमेंटचा पातळ लेप लावून तो सगळा भाग कच्च्या (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये झाकावा. वाढवायच्या वेळी ते काँक्रीट सहज फुटतं आणि आत गज शाबूत निघतो.

चौथी चूक उजेड-वाऱ्याची, आणि ती तब्येतीवर उठते. खालच्या घराचं परस पूर्ण झाकलं की मधल्या खोलीची खिडकी दुसऱ्या खोलीत उघडते. स्वयंपाकघराचा धूर घरातच फिरतो. नियम सोपा ठेवावा: प्रत्येक खोलीला उघड्या आभाळाकडे एक तरी खिडकी, कोरड्या हवेत तिचं क्षेत्र खोलीच्या एक दशांश, दमट हवेत एक षष्ठांश. परसात भिंतीलगत मीटरभर पट्टा उघडा राखला तरी बरंच काम होतं. त्याच पट्ट्यात गटाराचे चेंबर आणावेत, कारण चेंबरवर फरशी घातली की पहिल्या तुंबण्याला घर फोडावं लागतं. दोन घरांच्या मोऱ्या पाठीला पाठ लावून १०० मिलिमीटरचा नळ १:६० उताराने नेला आणि प्रत्येक वळणाला चेंबर दिला, तर हा भाग वर्षानुवर्षं त्रास देत नाही.

विजेचं थोडक्यात: गाळ्यापर्यंत रिकाम्या नळ्या आणि पेटीत दोन-तीन मोकळ्या जागा आधीच ठेवाव्यात, म्हणजे जुन्या वायरला चिकटपट्टी गुंडाळून नवी खोली जोडायची वेळ येत नाही. गाळ्यात लाकूड आणि प्लायवूड भरपूर येतं, म्हणून सामाईक भिंत छताच्या वरपर्यंत नेणं हा आगीपासूनचा खरा आडोसा. काटकसरीत पहिल्यांदा हीच भिंत कापली जाते. ते होऊ देऊ नये.

ही कल्पना याआधी नव्हती असं नाही. सेनेगलमध्ये १९७२ मध्ये जागतिक बँकेने 'भूखंड आणि सेवा' या पद्धतीला (आखलेला भूखंड आणि नळ-गटार द्यायचं, घर कुटुंबाने बांधायचं) पहिलं कर्ज दिलं. पेरूतल्या लिमाच्या 'प्रेव्ही' वसाहतीत जगभरच्या वास्तुशिल्पींनी वाढती घरं रेखाटली, त्यांत चार्ल्स कोरियाही होते. सुमारे ५०० घरं बांधली गेली आणि त्यांतली बरीचशी पुढे दोन-तीन मजली झाली. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशींनी ८५ हेक्टरांवर साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आखले. सर्वांत गरीब कुटुंबांचा भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचा, त्यावर जोतं आणि सेवांचा गाभा (नळ, संडास-न्हाणी), आणि कसं वाढवायचं ते दाखवायला ८० नमुना घरं. १९९५ मध्ये त्याला वास्तुकलेचं आगा खान पारितोषिक मिळालं. जोतं-आणि-गाभा अर्ध्या घरापेक्षा स्वस्त पडतं आणि जास्त कुटुंबांना पुरतं, पण राहायला जायच्या आधीच कुटुंबाला भिंती-छताचा खर्च करावा लागतो. भाडं भरत भरत बांधणाऱ्याला ते जड जातं. अर्ध्या घरात पहिल्या दिवशी छताखाली झोपता येतं, आणि हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो.

आराखड्यांत नसलेल्या दोन गोष्टी वापरणाऱ्याने स्वतः जोडायच्या आहेत. पहिली पैसा. गाळा भरायला लागणारी रक्कम लहान असते आणि तुकड्या-तुकड्याने लागते. पगाराची चिठ्ठी आणि तारण मागणाऱ्या बँकेची ती रीत नाही. थायलंडच्या 'बान मनकोंग' योजनेत २००३ पासून कर्ज एकट्या कुटुंबाला न देता वस्तीच्या सहकारी संस्थेला दिलं जातं आणि जमिनीचा हक्क आधी सोडवला जातो. अर्ध्या घराला हीच जोड शोभते. दुसरी परवानगी. वाढीव भागाचा नकाशा पहिल्याच दिवशी मंजूर करून घ्यावा. नाहीतर कुटुंब योजनेप्रमाणेच बांधतं, आणि ते बांधकाम कागदावर अनधिकृत ठरतं.

घनता अतिशय जास्त लागणाऱ्या, सात-आठ मजल्यांशिवाय पर्याय नसलेल्या जागी हा नमुना घेऊ नये. शहराबाहेर, कामापासून दोन तासांवर, हीच घरं बांधली तर गाळे कधी भरत नाहीत. भरायला लागणारा पैसा प्रवासात जातो. जमिनीवर बचत करून बांधकामावर खर्च करायचा मोह झाला तर तो उलटा करावा.

ताबा घेताना घराची किल्ली हातात येण्याआधी चार गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात: वाशांच्या खोबण्या, झाकलेले गज, उघड्या पट्ट्यातले चेंबर आणि वाढीव नकाशावरचा शिक्का. चारांपैकी एक जरी नसेल तर सही करू नये. ठेकेदार निघून गेल्यावर ती दुरुस्ती करायला कोणी येत नाही.