घाटाखालचा पंक्चरवाला आणि टायरची सात भोकं

पावसाळ्यात पाटण, कोयना, कास, ठोसेघर या बाजूला स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल तर हे वाचून जा. दरडी, धुकं, निसरडी वळणं याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी टायरबद्दल सांगणार आहे.

आम्ही सांगलीचे. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे कुठे निघायचं म्हटलं की आधी दोन गोष्टी बघतात: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे आणि कोयनेतून विसर्ग किती चालू आहे. 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं, 2019 च्या पुरानंतर तर जास्तच. त्या आठवड्यात पाणी उतरत होतं, म्हणून निघालो. गाडीत आमचे हे, सासूबाई, धाकटे दीर आणि दोन्ही मुलं. पेठ नाका, कऱ्हाड, पाटण करत कोयनानगर, नवजाचा ओझर्डे धबधबा, तिथेच मुक्काम आणि परतताना सडावाघापूरचा उलटा धबधबा असा बेत होता.

सडावाघापूर बघण्यासारखं आहे, त्याबद्दल वाद नाही. कड्यावरून खाली जाऊ पाहणारं पाणी दरीतून वर येणारा वारा तिथल्या तिथे उचलतो आणि परत पठारावर फेकतो. वारा पडला की धबधबा सरळ, वारा सुटला की उलटा. त्याच वाऱ्यासाठी या बाजूला, वनकुसवड्याकडे, पवनचक्क्या उभ्या आहेत. धुक्यात त्या दिसत नाहीत, नुसती घूं घूं ऐकू येते. आमच्या सासूबाईंची छत्री धबधब्याच्या आधी उलटी झाली आणि मुलांना त्याचंच जास्त हसू आलं.

गाडी माळावर इतर गाड्यांच्या रांगेत लावली होती. तासाभराने निघालो. घाट जवळजवळ उतरून झाला होता, तेवढ्यात मागून मोटारसायकलवर एक पोरगा आला. नंबरप्लेटवर चिखल. खिडकीशी येऊन ओरडला, “ओ दादा, मागलं डावं टायर बसलंय! बायकापोरं हायत गाडीत, असं नका चालवू. फुडं वळणावरच दुकान हाय.” आणि गेला पुढे. ह्यांनी उतरून पाहिलं तर टायरात हवा कमी होती, हे खरं.

दुकान म्हणजे चार बांबूंवर ताडपत्री, एक कॉम्प्रेसर आणि लटकवलेली जुनी टायरं. पाटी नाही. माणूस मात्र अत्यंत गोड. “काकी, भिजताय कशाला? समोर टपरीवर च्या घ्या, पाच मिनिटात सोडतो.” आता विचार करते तेव्हा कळतं की सगळी मेख त्या गोडव्यातच होती. चाकाजवळ कुणी उभं राहू नये एवढंच त्याला हवं होतं. सासूबाई आणि मी टपरीवर गेलो, हे आणि भाऊजी थांबले. तर ह्यांना म्हणतो, “सायेब, हँडब्रेक ओढलाय का बघा जरा, जॅक घसरंल.” भाऊजींना म्हणतो, “स्टेपनीत हवा हाय का बघून ठेवा, पुढं लागली तर?” दोन्ही सूचना रास्तच वाटाव्यात अशा. पण माणूस वळून परत येईपर्यंत चाकावर नवा बुडबुडा तयार.

चाक काढून त्यावर साबणाचं पाणी ब्रशने फिरवत तो एकेक जागा दाखवत होता. “हे एक. हे बघा दुसरं.” सुरुवातीला ठरलं होतं ते एका पंक्चरचे अडीचशे, “मशरूम मारून देतो, परत बघायलाच नको.” (मशरूम म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ.) एकाचे अडीचशे द्यायला कुणी कुरकुर करत नाही, आणि भोकांचा आकडा मात्र त्याच्या हातात. एकाची सात झाली. सातही ठिकाणी टोच्या घालून रबरी पट्ट्या ओढून झाल्या तेव्हा हिशोब सांगितला: सतराशे पन्नास. “नवी खडी टाकलीय घाटात, तिनं चाळण केली टायरची.”

चहा संपवून आलेल्या सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, “सात भोकं पडली, मग खिळा एकही कसा निघाला नाही?”

“पडलं असतील की काकी, रस्त्यात.”

अंधारून आलं होतं, पाऊस वाढला होता, मोबाईलला रेंज येत-जात होती आणि आमचं चाक त्याच्या पायाशी पडलेलं. अशा वेळी वाद कुठवर घालणार? भाऊजींनी घासाघीस करून सोळाशेवर आणलं. बिल मागितलं तर बिलबुक संपलेलं. स्कॅन करून पैसे पाठवले तेव्हा फोनवर एका बाईचं नाव आलं, तेवढं मी स्क्रीनशॉट काढून ठेवलं.

कऱ्हाडच्या पुढे महामार्गावर सहापदरीकरणाची कामं चालली आहेत, तिथल्या एका वळवलेल्या रस्त्यावर तेच टायर पुन्हा बसलं. बाजूने ट्रक पाणी उडवत चाललेले, मुलं पेंगुळलेली. जवळच्या वस्तीवरचा एक मुलगा बॅटरी घेऊन आला, स्टेपनी बसेपर्यंत ट्रकवाल्यांना उजेड दाखवत उभा राहिला आणि चहालाही नको म्हणाला. हेही सांगायला हवं, नाहीतर त्या भागातल्या लोकांवर अन्याय होईल.

सांगलीत आमच्या नेहमीच्या टायरवाल्याने टायर डिस्कवरून उतरवलं आणि आतून हात फिरवताच हसला. त्याने जे दाखवलं ते मला आधी माहीत नव्हतं. खिळा किंवा पत्रा लागून पडलेलं भोक बहुधा वेडंवाकडं असतं, आत माती किंवा गंज असतो आणि ते जास्त करून रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात असतं. आमची सातही भोकं सरळ, एकाच जाडीची आणि दोन वितींच्या आत. तीन तर खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो भाग लवतो, तिथे पट्टी टिकत नाही. आणि मशरूम? ते आतल्या बाजूने बसवतात, त्यासाठी टायर डिस्कवरून उतरवावंच लागतं. त्या माणसाने ते उतरवलंच नव्हतं, म्हणजे दर मशरूमचा आणि माल साध्या पट्टीचा.

नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद धरतात. आमचं त्याच्या कितीतरी वर होतं, तरी ते फेकून द्यावं लागलं. सोळाशेपेक्षा मोठा खर्च तो. आणि खांद्यावर तीन पट्ट्या मारलेल्या टायरवर आम्ही सहाजण भर पावसात महामार्गाला लागलो होतो, हे आठवलं की माझा राग नव्याने चढतो. पैशाची फसवणूक एकवेळ सोडून देईन, ही नाही.

मोठ्या मुलाने बुडबुड्यांचा व्हिडिओ काढला होता, सहज गंमत म्हणून. तो सावकाश चालवून पाहिला. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात ओलं फडकं. फडकं टायरवरून जातं, अंगठा दाबला जातो, फडकं उचललं की खाली बुडबुडे. एका ठिकाणी फडक्यातून टोक चमकताना स्पष्ट दिसतं.

मुळात हवा कुणी काढली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढंच सांगते की त्या एकाच चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण गायब होतं, बाकीची तिन्ही जागेवर होती.

आता आमच्या गाडीत सॉकेटवर चालणारा छोटा पंप असतो. टायरात हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तेवढी भरायची आणि पंधरा-वीस मिनिटं थांबून परत मोजायची. टिकली तर सावकाश पाटण, उंब्रज, कऱ्हाड अशा गावात जाऊन दाखवायचं. ट्यूबलेस टायरात खिळा दिसला तरी तो उपसायचा नाही, बरेचदा तोच हवा धरून ठेवतो. स्टेपनी असेल तर ती लावायची, मात्र ती अरुंद असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळायचा, बहुधा ताशी 80 किलोमीटर. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसता दुरुस्तीचा संच येतो. घाटात जाण्याआधी डिकी उघडून खात्री करून घ्या. दुकानात थांबावंच लागलं तर घरातला एक माणूस चाकापासून हलणार नाही, आणि भोक दाखवलं की पट्टी मारण्याआधी त्यातला खिळा मागायचा. व्हिडिओ उघडपणे काढा, ते फार लागू पडतं. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033, आणि दमदाटी झाली तर कुठूनही 112.

आम्ही लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे. सोबत व्हिडिओ, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आणि टायरवाल्याने कापून दिलेला खांद्याचा तुकडा जोडला. ठाण्यातले हवालदार म्हणाले की अशी दुकानं पावसापुरती उभी राहतात आणि गर्दी ओसरली की ताडपत्रीसकट उठतात, त्यामुळे एकाच्या अर्जावर फार काही होत नाही. या पावसाळ्यात त्या घाटाखाली तुमच्याही टायरला अशी भोकं सापडली असतील तर टायर भंगारात देऊ नका, अर्ज करा.