आठ महिने दोन राउटर, दोन कर्नल: सेटिंग बदलण्याचा अनुभव

गेले आठ महिने माझ्याकडे दोन राउटर शेजारी शेजारी चालू आहेत, एक लिनक्सवर, दुसरा फ्रीबीएसडीवर (दोन्ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम). काम दोघांचं सारखंच: पॅकेट पुढे ढकलायची, दोन व्हीलॅन (एकाच जोडणीवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं) सांभाळायचे. वेगाबद्दल लिहिणार नाही. चालत्या कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, सेटिंग बघणं आणि बदलणं कुठे सोपं गेलं, एवढंच सांगतो.

लिनक्सची माझी जुनी सवय. /प्रोक/सिसखाली प्रत्येक सेटिंग ही एक फाइल. नेहमीच्याच कमांड वापरायच्या: कॅटने वाचा, एकोने लिहा, ग्रेपने शोधा. वेगळं हत्यार लागतच नाही, आणि हे मला आजही आवडतं. पूर्वी त्याच सेटिंगसाठी, ती आकड्यांनी ओळखणारा सिस्टिम कॉलही (प्रोग्रॅमने थेट कर्नलकडे मागणी करण्याची वाट) होता. तो ५.५ आवृत्तीत, २०२० साली काढून टाकला. बरोबरच केलं, एकदा दिलेले आकडे जन्मभर जपत बसावे लागतात.

पण फाइल फक्त किंमत सांगते, अर्थ सांगत नाही. स्वॅपिनेसमध्ये (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवण्याबद्दलची सेटिंग) ६० दिसतं. साठ कशाचे? त्यासाठी कागदपत्रं उघडायची. आरपी फिल्टरने (पॅकेट योग्य रस्त्याने आलं का हे तपासून नसेल तर टाकून देणारी सेटिंग) माझी एक अख्खी दुपार खाल्ली. येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असलेल्या इंटरफेसवर (नेटवर्कच्या जोडणीवर) मी ० लिहिलं, कॅटनेही ० दाखवलं, तरी पॅकेट गळतच होती. कारण कर्नल त्या इंटरफेसची आणि 'ऑल'ची (सगळ्या इंटरफेससाठी असलेल्या सेटिंगची) किंमत बघून दोन्हींतली मोठी धरतो, आणि 'ऑल'मध्ये १ होतं. कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, पण फाइल वाचून कधीच कळणार नाही. शिवाय व्हीलॅनच्या नावातच टिंब असतं, आणि सिसकंट्रोल (हीच सेटिंग वाचायची-बदलायची कमांड) टिंबालाच पातळी बदलणारी खूण समजतो. म्हणून तिथे टिंबाऐवजी तिरकी रेघ द्यावी लागते.

फ्रीबीएसडीवर पहिल्याच आठवड्यात सिसकंट्रोलला '-डी' जोडून पाहिलं आणि हायसं वाटलं. नेट.आयनेट.आयपी.फॉरवर्डिंग (पॅकेट पुढे ढकलण्याची सेटिंग) विचारलं की एका ओळीत ते काय करतं हे सांगतो. हे वर्णन कर्नलच्या सी भाषेतल्या कोडमध्ये त्या चलाच्या (किंमत साठवणाऱ्या नावाच्या) घोषणेतच लिहिलेलं असतं. चल लिहिणाऱ्यालाच त्याची ओळख लिहावी लागते, ही रचना मला फार मोलाची वाटते. काही वर्णनं आखूड आहेत, पण कोऱ्या आकड्यापेक्षा कितीतरी बरी.

एक गोष्ट मात्र तिथेही खटकली. काही सेटिंग फक्त बूट होतानाच लागू होतात, ती लोडरच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये लिहायची. चालू यंत्रावर बदलायला गेलात तर सिसकंट्रोल स्पष्ट सांगतो की हे इथे बदलता येत नाही, लोडरच्या फाइलमध्ये लिहा. पण त्या फाइलमध्ये नावात एक अक्षर चुकलं, तर कोणी काहीच बोलत नाही. ती ओळ निमूट पडून राहते आणि मूळचीच किंमत चालते. मला हे तीन आठवड्यांनी कळलं.

लिनक्सवर याच जातीची अडचण ब्रिजच्या (इंटरफेस एकमेकांना जोडणाऱ्या सोयीच्या) सेटिंगला येते. तिचं मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडला जाणारा तुकडा) लोड होण्याआधी सेटिंग लावायला गेलं, तर ती फाइलच तिथे नसते. म्हणून आता दोन्ही यंत्रं सुरू झाली की मी लिहिलेली प्रत्येक किंमत कर्नलकडून परत वाचून ताडतो.

मुख्य राउटर मी फ्रीबीएसडीवर ठेवला. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलशेजारी एका ओळीचं वर्णन आलं, तर मी तो परत लिनक्सवर नेईन.