मझदा एमएक्स-5: नवे क्रॉस घातलेला प्रोपेलर शाफ्ट, आठ महिने आणि 6,000 मैलांनंतर

गाडी 1991 ची, पहिल्या पिढीची, 1.6 लिटर, पाच गिअरची. मी इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत राहतो आणि घराच्या ड्राइव्हवेवर, चार स्टँडवर गाडी चढवून जमेल तेवढं काम स्वतः करतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये क्लचप्लेट संपली होती आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) मागच्या क्रॉसमध्ये, म्हणजे टोकाच्या वळत्या सांध्यात, हाताला जाणवण्याइतका प्ले (ढिलेपणा) आला होता. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना खालून ‘टक्’ असा आवाज यायचा. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर शाफ्टही करून घेऊ, असं ठरवलं. शाफ्टचंच काम करणाऱ्या एका वर्कशॉपला तो दिला. त्यांनी दोन्ही बाजूंना सीलबंद क्रॉस घातले आणि मशीनवर बॅलन्स करून दिला.

आज आठ महिन्यांनी या शाफ्टबद्दल माझं मत उत्तम आहे. पण पहिले पाच आठवडे मी त्यालाच दोषी धरून बसलो होतो. ज्यांच्या गाडीत असंच काही होतंय त्यांच्यासाठी ते पाच आठवडे सविस्तर सांगतो.

बसवताना काही अडलं नाही. शाफ्ट मागे ओढला की गिअरबॉक्सच्या शेपटाकडून ऑइल वाहतं, म्हणून तिथलं ऑइल सीलही नवं घातलं. डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) फ्लँजवरचे, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवरचे, चार बोल्ट गंजलेले होते. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीखालचा प्रत्येक बोल्ट आदल्या रात्री तेल पाजून ठेवल्याशिवाय सुटत नाही. ‘टक्’ आवाज पहिल्याच फेरीत गेला. मग मोटरवेवर गेलो आणि ताशी 58 मैलांच्या पुढे सीटखाली भुणभुण सुरू झाली. 65 ला ती इतकी वाढायची की गिअरची मूठ बोटांत गुणगुणायची.

काय नाही ते आधी ठरवलं. त्याच वेगाला पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकून पाहिला, थरथर तशीच. रस्ता मोकळा असताना न्यूट्रलमध्ये सोडली, तरी तशीच. म्हणजे इंजिन आणि नवा क्लच दोन्ही सुटले, कारण थरथर इंजिनच्या फेऱ्यांशी नाही तर गाडीच्या वेगाशी बांधलेली होती. राहिली चाकं आणि शाफ्ट. या दोघांत फरक करायला थोडं गणित उपयोगी पडतं. माझ्या गाडीला 185/60 आर 14 टायर आहेत आणि डिफरन्शियल 4.3 चं. 70 मैलांना चाक सेकंदाला 17-18 फेरे घेतं, शाफ्ट त्याच्या 4.3 पट, म्हणजे 75 च्या आसपास. चाकाचा बिघाड स्टीअरिंगला हळू, मोठे हेलकावे देतो. शाफ्टचा बिघाड मधमाशीसारखा बारीक असतो आणि तो हातापेक्षा पाठीला आधी कळतो. माझ्याकडची थरथर या दुसऱ्या प्रकारची होती. तरी पुढची-मागची चाकं अदलाबदल करून खात्री केली. काही बदललं नाही.

मग सरळ शाफ्टवर संशय. फ्लँजवर तो 180 अंश फिरवून बसवला. बॅलन्स बिघडलेला असेल तर यानं थरथर कमी-जास्त होते. माझ्याकडे जवळजवळ काहीच फरक पडला नाही. इथंच थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी शाफ्ट काढून वर्कशॉपला परत नेला, थोड्या घुश्शातच. त्यांनी माझ्यासमोर मशीनवर चढवला. बॅलन्स ठीक होता. दोन आठवडे गेले, वर तपासणीचे पैसे.

त्या रविवारी कोल्हापूरला काकांना फोन केला. उद्यमनगरात त्यांनी तीस वर्षं ट्रकची कामं केली आहेत. एमएक्स-5 त्यांनी कधी जवळून पाहिलेली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शाफ्टच्या दोन्ही टोकांना तू काय काय सोडलं होतंस?”

“काका, मागं फ्लँज. पुढं गिअरबॉक्सच उतरवला होता.”

“मग शाफ्टचं काय घेऊन बसलायस? गिअरबॉक्स परत त्याच कोनात बसला का ते बघ. ट्रकचे पाटे बदलले आणि खालची पाचर उलटी बसली, की नवा शाफ्टसुद्धा असाच ओरडतो.”

मुद्दा असा. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरला की त्याच्या पुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर हा चढउतार तिथं पुसला जातो. कोन वेगवेगळे झाले की उरलेला चढउतार थरथर बनून गाडीत शिरतो. ट्रकचा मागचा अॅक्सल पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, हलतो, म्हणून तिथं कोन जुळवायला पाचर लागते. या गाडीत डिफरन्शियल सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) बांधलेलं आहे आणि ते गिअरबॉक्सला एका लांब अॅल्युमिनियमच्या तुळईनं जोडलेलं आहे. मझदा तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणते, सगळे पीपीएफ म्हणतात. अॅक्सिलरेटर दाबताच गाडी लगेच पुढे झेपावते, त्या थेटपणाचं बरंचसं श्रेय या तुळईला आहे, आणि मला ही गाडी आवडते ती त्याच थेटपणासाठी. पण तिच्या भोकांत बोल्टला थोडी जागा असते. गिअरबॉक्सचं शेपूट लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर ते त्याच खालच्या जागी पक्कं होतं.

मी नेमकं तेच केलं होतं. गिअरबॉक्स चढवला, पीपीएफ लावली, जॅक काढून घेतला आणि मग बोल्ट आवळले. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या तुळईची उंची मोजून मगच आवळा असं सांगितलंय, ती ओळ मी ओलांडून गेलो होतो. गाडीच्या तळावर आडवी सरळ पट्टी धरून मोजलं तेव्हा शेपूट साधारण 9 मिलिमीटर खाली निघालं.

दुरुस्तीला दीड तास लागला. पीपीएफचे बोल्ट सैल केले, गिअरबॉक्सखाली जॅक आणि मध्ये लाकडी ठोकळा. थोडं उचलायचं, मोजायचं, परत थोडं. अंतर जुळल्यावर जॅक तसाच ठेवून टॉर्क रेंचनं आवळले आणि पुन्हा मोजलं, कारण आवळताना तुळई किंचित सरकते. डिफरन्शियलच्या बाजूच्या बोल्टची बाही भोकात घट्ट अडकते, तिथं घाई करू नका. तुळईवरून जाणारी वायर सुद्धा क्लिपमध्ये परत बसवा, नाहीतर ती शाफ्टला घासेल.

संध्याकाळी मोटरवेवर 70 ला सीट शांत होती. मी पुढच्या एक्झिटपर्यंत रेडिओ बंद ठेवला.

तेव्हापासूनचा हिशेब: हिवाळाभर रोजची ये-जा, एप्रिलमध्ये ए5 महामार्गावरून वेल्सच्या डोंगरांत तीन दिवस. क्रॉसमध्ये हाताला प्ले नाही. गिअरबॉक्सचं सील कोरडं आहे. 3,000 मैलांनी चारही बोल्ट तपासले, एकही सैल नव्हता. तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की हलका घुमटता आवाज येतो, पण तो काम करण्याआधीही होता आणि माझा संशय डिफरन्शियलच्या बेअरिंगवर आहे. मायलेजमध्ये फरक नाही, तशी अपेक्षाही नव्हती. सीलबंद क्रॉसला ग्रीस देता येत नाही, ही एक उणीव मानता येईल. मिठाच्या रस्त्यांवर ते किती वर्षं टिकतात ते पाहायचंय, म्हणून दर सर्व्हिसला शाफ्ट हातानं पिळून बघतो.

वर्कशॉपमध्ये जाऊन मी माफी मागून आलो. त्यांनी तपासणीचे पैसे परत देऊ केले, मी घेतले नाहीत. काकांना वेल्सच्या घाटातला व्हिडिओ पाठवला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून फोन गिअरजवळ ठेवून काढलेला. त्यांचं उत्तर आलं, “आता बरोबर बसलाय. ऑइल कधी बदलतोयस?”