कॅनडाची स्पाउस फाईल: पुण्यातल्या एजंटला एक स्टार, स्वतः लावलेल्या फाईलला साडेचार

लग्न डिसेंबर २०२३ ला साताऱ्यात झालं, नवरा कॅनडात पीआर (म्हणजे तिथला कायमचा रहिवासी), नोकरी टोरंटोजवळच्या मिसिसागाला, आणि मी तिथे पोचले ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या वीस महिन्यांतले सहाएक महिने निव्वळ एका एजंटच्या नादी लागून गेले. तो अनुभव आणि नंतर आम्ही दोघांनी स्वतः फाईल (नवऱ्याने बायकोला कायमचं कॅनडात बोलावण्याचा अर्ज) लावली तो अनुभव, दोन्हीचा रिव्ह्यू एकत्रच लिहितेय कारण एकाशिवाय दुसरा कळायचा नाही.

आधी एजंट. नवऱ्याला पाच आठवड्यांचीच सुट्टी होती, तो जानेवारीत परत गेला आणि घरात सगळ्यांचं एकच सुरू झालं, फाईल लवकर लावा फाईल लवकर लावा. मामाच्या ओळखीने पुण्यातल्या एका ऑफिसात गेलो. नाव लिहीत नाही, मला तिथल्या पद्धतीबद्दल बोलायचंय. फी १ लाख २० हजार, निम्मे आधी, कॅनडा सरकारची फी वेगळी. समोरचा माणूस बोलायला गोड, "मॅडम तुम्ही फक्त कागद आणून द्या, बाकी आमच्यावर सोडा." आम्ही सोडलं. ६० हजार भरले आणि घरी येऊन आईला सांगितलं की काम मार्गी लागलं.

पहिली गोष्ट जी मी तेव्हाच करायला हवी होती: लायसन्स बघणं. कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा किंवा फाईल लावायची तर तो माणूस एकतर कॅनडातला वकील पाहिजे, नाहीतर आरसीआयसी म्हणजे तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा सभासद. (क्यूबेकचे नोटरीही चालतात, पण ते आपल्या वाट्याला फारसे येत नाहीत.) हे कॉलेज २०२१ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे, त्यांच्या साईटवर रजिस्टर सगळ्यांना खुलं आहे, नाव किंवा नंबर टाकला की दोन मिनिटांत कळतं. मी नंबर मागितला तर उत्तर आलं, आमचे पार्टनर कॅनडात असतात, त्यांचा आहे. तो नंबर मला शेवटपर्यंत मिळाला नाही. दुसरी खूण म्हणजे फॉर्म आयएमएम ५४७६. तुमच्या वतीने कुणी फाईल हाताळत असेल तर हा फॉर्म लागतो, त्यात त्या प्रतिनिधीचं नाव आणि सही असते. आमच्या एजंटने सांगितलं तो नको, फाईल तुमच्याच नावाने लावू. आणि ऑनलाइन अर्ज जिथे भरतात त्या पोर्टलचं अकाउंट उघडलं ते त्यांच्या ऑफिसच्या ईमेलवर, पासवर्डही त्यांच्याकडेच. म्हणजे उद्या ऑफिसरने काही मागितलं तर ते पत्र मला दिसणारच नव्हतं, आणि कागदोपत्री ते लोक अस्तित्वातच नव्हते. काही चुकलं असतं तर जबाबदार मीच, कारण सही माझी.

तरीही मी सहा महिने गप्प बसले. फेब्रुवारीत पासपोर्ट सेवा केंद्रातून पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काढून दिलं, ५०० रुपये भरून, पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे सगळं करून. दर आठवड्याला फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". कसल्या प्रोसेसमध्ये, फाईल तर गेलेलीच नव्हती!

आणि मग जूनअखेर त्यांनी मेलवर रिलेशनशिपचं पत्र, म्हणजे आमचं लग्न कसं जुळलं ते ऑफिसरला सांगणारं, पाठवलं, वाचून ओके करा म्हणून. रात्रीची जेवणं झाली होती, मी डायनिंग टेबलवर बसून मोबाईलवर आईला मराठीत सांगत सांगत वाचत होते. पहिल्या परिच्छेदात होतं की आमची भेट एका कॉमन फ्रेंडच्या पार्टीत झाली. पुढे होतं की दोन्ही घरांनी रोका केला. मग संगीतच्या रात्री नवऱ्याने माझ्यासाठी डान्स केला. आणि शेवटी, लग्नानंतर मी त्याच्यासाठी करवा चौथचा उपास धरते. आईचा हात पोळ्यांच्या डब्यावर तसाच राहिला. म्हणाली, "अगं हे कुणाचं लग्न आहे?"

कुणाचं तरी असणारच, दुसऱ्या कुणाच्या तरी फाईलमधून नाव बदलून आमच्यात चिकटवलेलं. आमचं ठरलं ते आत्याने स्थळ आणलं म्हणून, आमच्या घरी कांदेपोहे झाले, मग चार महिने रोज फोन, मग साखरपुडा. संगीत नव्हतं, रोका काय असतो ते आमच्या घरात कुणाला माहीत नाही. यातलं एकही वाक्य खरं नव्हतं आणि खाली सही मात्र माझी जाणार होती. मला तेव्हा हुंदका आला, रागापेक्षा भीतीने, कारण इमिग्रेशनला खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षांची बंदी लागते. पाच वर्षं! दुसऱ्या दिवशी फोन करून काम थांबवलं. ६० हजार परत मिळाले नाहीत. एक स्टार देतेय तो फक्त रिसेप्शनवरच्या मुलीसाठी, तिने माझे ओरिजिनल कागद त्याच दिवशी शोधून हातात दिले.

आता दुसरा भाग, आणि हा मला जास्त सविस्तर लिहायचाय.

इमिग्रेशन खात्याच्या साईटवर स्पाउस स्पॉन्सरशिपची गाईड फुकट आहे, ५२८९ नंबरची, आणि सोबत डॉक्युमेंट चेकलिस्ट, आयएमएम ५५३३. मी आणि नवऱ्याने ती ओळ न ओळ वाचली. तो तिकडे सकाळचा चहा घेत, मी इकडे संध्याकाळी, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. खरं सांगते, अवघड असं त्यात काही नाही, किचकट आहे. नवऱ्याचा स्पॉन्सरशिपचा फॉर्म १३४४, दोघांनी मिळून भरायचा नात्याचा ५५३२, माझा ०००८, बॅकग्राउंडचा ५६६९, घरच्यांच्या माहितीचा ५४०६. पीडीएफ फॉर्म मोबाईलवर उघडत नाहीत, कॉम्प्युटरवर अडोबी रीडरच लागतं. बॅकग्राउंडच्या फॉर्ममध्ये तारखांना एका महिन्याचीही गॅप चालत नाही, घरी बसलेले असाल तर तसं लिहायचं.

फी आम्ही भरली तेव्हा, म्हणजे एप्रिल २०२४ अखेरच्या वाढीनंतर, १,२०५ डॉलर होती: स्पॉन्सरची ८५, माझ्या अर्जाची ५४५, आणि पीआर मिळण्याच्या हक्काची ५७५. वर बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५. तुम्ही भरताना साईटवर ताजा आकडा बघा. नवऱ्याच्या पगाराचं आमच्या घरी फार टेन्शन घेतलं होतं, सासरे विचारायचे किती उत्पन्न दाखवावं लागतं. फक्त नवराबायकोच्या केसमध्ये किमान उत्पन्नाची अट नाही. स्पॉन्सर सरकारी मदतीवर जगत नसावा, अपंगत्वाची मदत सोडून, आणि तो तीन वर्षं तुमचा खर्च उचलेन असं लिहून देतो. पीआर असेल तर त्याने तिथेच राहायला हवं, सिटिझन असेल तर थोडी सूट आहे.

एक गोष्ट मात्र ठळक सांगते कारण आपल्याकडे सर्रास होते. मुलाचा पीआर यायचा असतो आणि घरचे म्हणतात आधी गुपचूप रजिस्टर लग्न करून ठेवू, समारंभ नंतर. रजिस्टर झालं म्हणजे लग्न झालं. ते न सांगता तो पीआर म्हणून कॅनडात उतरला (याला लँड होणं म्हणतात) तर नंतर तीच बायको स्पॉन्सर करायला गेल्यावर ती फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबातली म्हणून बोलावता येणाऱ्यांतून, बादच होते, नियम ११७ (९)(ड) म्हणतात तो हाच. आमचं लग्न त्याच्या लँडिंगनंतरचं म्हणून आम्ही सुटलो. साखरपुडा आधी झाला असेल तर हरकत नाही.

नावाचंही तसंच. लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे आणि आडनाव नवीन, हे आपल्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव होतं, मी ते तसंच ठेवलं आणि सगळे फॉर्म तसेच भरले. पोर्टलवर सही म्हणून नाव टाइप करायचं ते पासपोर्टवर आहे अगदी तसंच लागतं. सासूबाईंना आधी वाईट वाटलं, पण मी समजावून सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, कागदावर काही असू दे गं, तू जा त्याच्याकडे. मॅरेज सर्टिफिकेट आमचं मराठी-इंग्रजी दोन्हीत होतं त्यामुळे ते सोपं गेलं. तीन साक्षीदार आणि भटजींची सही मात्र लग्नाच्याच आठवड्यात घेऊन ठेवा, आमचे भटजी सीझनमध्ये हाताला लागेनात.

पीसीसी दुसऱ्यांदा काढावं लागलं. अर्ज जाईल त्या दिवशी ते सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे आणि फेब्रुवारीचं सप्टेंबरला शिळं झालं होतं.

आता पुराव्यांचं. फोटो जास्तीत जास्त २० आणि चॅट-मेसेज वगैरे १० पानं, एवढंच मागतात. एजंटने निवडलेले २० च्या २० फोटो प्री-वेडिंगचे होते, महाबळेश्वरला, तीन ड्रेस बदलून. आम्ही ते सगळे काढले, एक ठेवला. मग आठवडाभर रात्री व्हिडिओ कॉलवर फोटो निवडत बसलो आणि तेव्हा लक्षात आलं की ऑफिसर दिल्लीत असो नाहीतर ओटावात, त्याला साताऱ्यातलं लग्न माहीत असेल असं धरून चालायचं नाही. म्हणून प्रत्येक फोटोखाली तारीख, जागा, कोण कोण आहे आणि काय चाललंय ते दोन-तीन ओळींत लिहिलं. काकूकडच्या केळवणाचा फोटो, त्यात ताटाभोवती रांगोळी आणि माझ्या शेजारी आज्जी. सीमांत पूजनात माझे वडील नवऱ्याचे पाय धुताना. अंतरपाटाचा फोटो निवडताना नवरा म्हणाला यात आपण एकमेकांना दिसतच नाही, हा कशाला? मी म्हटलं हाच पाहिजे. खाली लिहिलं की मंगलाष्टकं संपेपर्यंत वधूवरांच्या मधे हे कापड धरतात, ते दूर झालं की हार घालतात, कापड धरणारे डावीकडचे माझे मामा आणि मागे अक्षता टाकणारे दोन्हीकडचे नातेवाईक. शेवटचा फोटो माप ओलांडतानाचा, सासूबाई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. हे २० फोटो आणि कॅप्शन ओळीने वाचले तर आमचं लग्न कुणालाही कळलं असतं.

चॅट मराठीत होते, काही इंग्रजी अक्षरांत. मराठी कागद इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये भाषांतर करून द्यावे लागतात, आणि घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, म्हणून पुण्यातल्या एका भाषांतरकार बाईंकडे गेले. पाच स्टार त्यांना. लग्नपत्रिका हातात घेऊन त्या पहिल्याच ओळीवर थांबल्या, "आमचे येथे श्रीकृपेकरून" हे इंग्रजीत कसं घालावं याचा त्यांनी माझ्यासमोर दहा मिनिटं विचार केला आणि खाली छोटी टीपही दिली. चॅटची १० पानं आम्ही मुद्दाम साधी निवडली: त्याला ताप आला होता ते, माझ्या आज्जीच्या ऑपरेशनच्या रात्रीचं, भाड्याच्या घराचं डिपॉझिट, मी निघेन तेव्हा घरून तूप किती आणू.

पत्र मी स्वतः लिहिलं, नवऱ्याने त्याचं वेगळं. स्थळ, कांदेपोहे, घरच्यांनी काय विचारलं, मी हो का म्हटलं, सगळं. माझं इंग्रजी काही फार भारी नाही, वाक्यं साधी होती. सगळं झाल्यावर एका लायसन्स असलेल्या कन्सल्टंटकडून फाईल फक्त एकदा तपासून घेतली, रजिस्टरवर नाव बघून, तासाचे पैसे देऊन. त्यांनी दोन चुका काढल्या, पत्राला हात लावला नाही.

सप्टेंबर २०२४ ला सबमिट. मग बायोमेट्रिक्स पुण्यातच झाले, मेडिकल त्यांनी सांगितल्यावर त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे. मधे चार महिने एकही अपडेट नाही, तेव्हा नवऱ्याने जीसीएमएस नोट्स, म्हणजे आमच्या फाईलवरच्या खात्याच्या आतल्या नोंदी, मागवल्या, ५ डॉलर लागले आणि माझ्या संमतीची सही लागली. इंटरव्ह्यू झाला नाही. जुलै २०२५ ला पासपोर्ट मागितला. पोर्टलचा अर्धा स्टार कापलाय तो अधूनमधून आपोआप लॉगआऊट होतं आणि भरलेलं जातं म्हणून, आणि वाट बघण्यात काहीच कळत नाही म्हणून.

टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर ऑफिसरने कागद बघितले, दोन-तीन प्रश्न विचारले, सही घेतली, आणि म्हणाली नवरा बाहेर थांबलाय ना, जा. दोन वर्षं एकत्र राहिलात तरच पीआर टिकेल अशी अट पूर्वी होती, ती २०१७ मध्ये काढून टाकली, हे मी माहेरी तिघांना तरी समजावून सांगितलंय. तरी आईने विमानात बसायच्या आधी परत विचारलंच.

कुणाची फाईल चालू असेल आणि फोटोंच्या कॅप्शन कशा लिहिल्या ते बघायचं असेल तर सांगा, माझ्याकडे ते पान अजून आहे, आज्जीच्या नावाचं स्पेलिंग दोनदा खोडून दुरुस्त केलेलं, पाठवते.