ओट्यावरचे लाईट – गणपतीत बसवले, आता उन्हाळा आला, कसे चाललेत ते सांगते

किचनचं काम काढलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, पीओपी कर आणि चार डाउनलाईट टाक. मी म्हटलं नको. कारण साधं आहे, लाईट छताला आणि आपण ओट्याकडे तोंड करून उभे, म्हणजे आपलीच सावली विळीवर पडते. मग छताला कितीही वॅट टाका, कोथिंबीर चिरायची ती अंधारातच. त्यामुळे मधे जुनी चार फुटी २० वॅटची एलईडी ट्यूब आहे तीच ठेवली आणि खर्च केला तो वरच्या कपाटांच्या खाली एलईडीची पट्टी, म्हणजे स्ट्रिप, लावण्यावर. सगळं मिळून मजुरीसकट चार हजाराच्या आत बसलं.

स्ट्रिप कुठे लावायची यावर इलेक्ट्रिशियनशी बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं मागे भिंतीला लावू, दिसणार नाही. पण मागे लावली की उजळतात त्या टाइल्स. आपला ओटा दोन फूट आणि वरचं कपाट एक फूट खोल, म्हणून कपाटाच्या पुढच्या कडेला लावली की उजेड बरोबर ओट्याच्या मधोमध पडतो, जिथे पोळपाट असतो. दिसू नये म्हणून पुढे एक बारीक पट्टी मारून घेतली, झालं.

दुसरं म्हणजे काळा ग्रॅनाइट. साधी स्ट्रिप नुसती चिकटवली तर तिचा एक एक दाणा ग्रॅनाइटमध्ये चमकतो आणि डोळ्यात जातो. म्हणून सीओबी स्ट्रिप घ्या, त्यात दाणे दिसत नाहीत, सलग पट्टी दिसते, आणि ती अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे लांब पन्हळीत, दुधी कव्हर लावूनच बसवा. प्रोफाइलचा खरा उपयोग गरम न होण्यासाठी, स्ट्रिपची उष्णता तो ओढून घेतो, म्हणून ती जास्त टिकते. आणि पावसाळ्यात किडे आत शिरत नाहीत हा बोनस.

रंगाचं सांगते कारण इथेच सगळे गडबडतात. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे पिवळा, मी मधला ४००० घेतला. पण त्याहून महत्त्वाचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, तो बॉक्सवर ९० च्या वर आहे का बघा, स्वस्तातल्या स्ट्रिपवर बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. फरक कुठे कळला सांगू? तूप कढवताना. बेरी सोनेरी झाली की गॅस बंद करायचा आणि तांबूस व्हायला लागली की उशीर झाला, ट्यूबच्या उजेडात मला ते वासावरून ओळखावं लागायचं, आता पातेलं गॅसवरून ओट्यावर घेतलं की चक्क दिसतं. सासूबाई तांदूळ आता हॉलमध्ये खिडकीशी न बसता ओट्याशीच निवडतात, पांढरा खडासुद्धा दिसतो म्हणाल्या. वय झालं की डोळ्यांना उजेड जास्त लागतो, त्यामुळे घरात मोठी माणसं असतील तर यात कंजुषी करू नका खरंच.

त्रास एकच झाला, स्ट्रिपला वीज देणारा अडॅप्टर. दुकानदाराने दिलेला दिवाळीच्या आधीच गूं गूं करायला लागला आणि मग लाईट फडफडायला लागले. आमची स्ट्रिप मीटरला १० वॅट, अडीच मीटर म्हणजे २५ वॅट, आणि त्याने अडॅप्टर दिला होता अगदी २५ चाच, जरासुद्धा वाव नाही! वॉरंटीत बदलून द्यायलाही बरीच खळखळ केली. आता ४० चा आहे, कपाटाच्या वर मोकळ्या हवेत ठेवलाय, सिंकपासून लांब, तेव्हापासून आवाज नाही.

तेलाचा थर बसतोच, फोडणी करणाऱ्या घरात बसणारच. महिन्यातून एकदा लाईट बंद करून कोमट पाण्यात भांड्याचा साबण टाकून फडकं घट्ट पिळून कव्हर पुसते, पाच मिनिटांचं काम. म्हणूनच ते टांगते काचेचे पेंडंट मी घेतले नाहीत, शोरूममध्ये फार सुंदर दिसतात पण गॅसच्या आसपास लटकवले तर दर आठवड्याला स्टुलावर चढा. गॅसच्या बरोब्बर वर स्ट्रिपही नको, तिथे चिमणीचा लाईट पुरतो.

बिलाची काळजी करू नका, रोज चार तास लावली तरी महिन्याला तीन युनिट होतात. फक्त लांब ओटा असेल, एल आकाराचा वगैरे, तर १२ ऐवजी २४ व्होल्टची स्ट्रिप मागा, नाहीतर शेवटचं टोक मंद दिसतं. आणि स्विच ओट्याजवळ घ्या, दाराजवळ नको, कणकेचे हात घेऊन तिकडे कोण जाणार.